गाठींचा दोरा

हौसा,
पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं आलं.
सेन्सॉरच्या साहेबाला आत काही सापडलं नसणार:
साडेतीन हात काळा दोरा,
त्याला चार गाठी.
मास्तरांपुढे बसून पत्र सांगायचं
तुझ्या जिवावर येतं, ठाऊक आहे मला.
त्यांच्या अक्षरात आपण दोघं
नेहमीच सुखरूप असतो.

दोरा मांडीवर पसरून
मी वाचायला लागलो.
पहिली गाठ घोट्याशी: दिवाळीतला शाळू.
दुसरी गुडघ्याच्या जरा खाली: तुळशीचं लग्न.
तिसरी कमरेला, म्हणजे आत्ताचा,
पोटऱ्यात यायला टेकलेला.
चौथी गाठ पार शेवटी.
एवढा उंच शाळू
मार्गशीर्षात कुणाच्या बापाचा होत नाही.
ती वाचता येईना.

आमची तोफ दाबोळीच्या माळावर.
नुसता जांभा, वर खुरटी काजू.
मोर्चाचा खड्डा खणताना पहार ठिणग्या टाकत होती,
मला आपली काळी आठवत होती,
नांगराला गिळून बसणारी.
अकरा दिवस आभाळ मोजतोय.
घारी आल्या. एकदा बगळे.
खाली बंदरात खनिजाच्या बार्जी दिवे मालवून पडलेल्या,
वास्कोच्या मोटारींनी डोळ्यांत अर्धं अर्धं काजळ घातलंय.
तोफ पुसायची, तेल द्यायचं, पुन्हा पुसायची.
बैलाला एवढं खरारलं असतं
तर त्याने हात तरी चाटला असता.

परवा रात्री खाली चिखलीच्या खाजनात एक दिवा दिसला.
हवालदार म्हणाला, लेंडवे, जा, विझवून ये.
बांधावरून चाचपडत गेलो.
मानशीवर एक म्हातारा, कमरेला काष्टी,
कंदील धरून जाळं लावत होता. नाव इनास.
मी काही बोलायच्या आत त्याने फुंकर मारली.
मग अंधारातून म्हणाला,
'दिवो पालोवलो, बरें. पूण दार कोण धांपतलो? तुजो बाप?'

भरती चढत होती.
मानशीचं लाकडी दार खाचेत अडकलेलं,
बाहेर नदी, आत वायंगणाचा कोवळा तरवा.
खारं पाणी एकदा आत शिरलं की झालं.
ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
रायफल पाठीला आवळली आणि
बूट, पट्टी, सरकारी पँट, सगळ्यासकट
मांडीपर्यंत चिखलात उतरलो.
त्याचा खांदा, माझा खांदा.
दार बसलं तेव्हा पलीकडून पाण्याने
धडक दिली, गोठ्यातल्या म्हशीसारखी.

'तुजें शेत खंय रे?'
म्हटलं, मंगळवेढ्याकडे.
'मीठ चडटा?'
म्हटलं, मीठ नाही चढत. पाणीच नाही.
म्हातारा कितीतरी वेळ हसत होता.
मीही हसलो असेन. अंधारात काय कळतंय.

वर आलो तर बुटांवरून तीन रात्री जादा पहारा.
घेतला.
आठ महिन्यांनी नखांत माती होती.
आपली नव्हे.
चाखून पाहिली, खारट.

पहाऱ्यावर कुणी नसताना
दोऱ्याचं टोक बुटाखाली धरलं
आणि ताठ उभा राहून वर ओढला.
चौथी गाठ
माझ्या हनुवटीखाली येऊन थांबली.
तिथवर कुणाचं डोकं येतं
ते मला मास्तरांनी वाचून दाखवायला नको.
खाली वाकून बघत राहिलो.
तिथं नुसता वारा, आणि तेलाचा वास.

दोरा परत पाठवतोय.
साहेब फोडतील, चिकटवतील.
आता त्याला पाच गाठी आहेत.
पाचवी मांडीशी मारलीय, ती ज्वारीची नव्हे,
कशाची ते तू विचार करत बस,
रजेवर आलो की सांगेन.
गाठीला थोडा चिखल वाळलाय.
तो आपल्या रानात मात्र झटकू नकोस.
खारा आहे.